बाळाच्या मालिशचं तेल आणि तूलकरमची कोंबडी

मागच्या अंकात परदेशी स्वयंपाकावर लिहिताना मी ओघात ‘मुसख्खन’ हा शब्द टाकून पुढे गेले होते. पॅलेस्टाइनमधला कोंबडीचा पदार्थ, एवढंच लिहिलं होतं. त्यावर पत्रंच पत्रं आली, दोघींनी तर फोन करून खडसावलं की अर्धवट सांगून पळू नका. उकडीच्या मोदकांवर लिहिलं तरी मला इतकी पत्रं येत नाहीत. म्हणून या महिन्याचं सदर पूर्ण त्याच्यावर.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीच्या वर्गात, विद्यापीठात, पॅलेस्टाइनची एक मुलगी आहे. दोन वर्षं घरी गेलेली नाही. पुढच्या रविवारी तिला जेवायला बोलावलंय. लेक म्हणते, तिला तिच्या घरचं काहीतरी कर. मुसख्खन जमेल का मला? ओव्हन आहे. सुमाक म्हणतात ते काय? त्यांच्या रोटीऐवजी आपली घडीची पोळी चालेल का? ऑलिव्ह ऑइल घरात आहे, नातवाच्या मालिशसाठी आणलेलं. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी एकटीच हसत बसले. सांगते का ते.

रास्ता पेठेतल्या आमच्या वाड्यात माडीवरची खोली आम्ही विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचो. १९८४ साली तिथे तूलकरमचा एक मुलगा आला, कॉमर्स शिकायला. तूलकरम म्हणजे पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागातलं, अगदी पश्चिम कडेचं गाव. सुट्टीहून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत, सदऱ्यांमध्ये गुंडाळलेल्या, थंड पेयाच्या दोन जुन्या बाटल्या होत्या. आत हिरवट, गढूळ तेल. मोठ्या अभिमानाने त्याने त्या सासूबाईंपुढे ठेवल्या. ‘आज्जी, जैतून.’ म्हणजे ऑलिव्ह. सासूबाईंनी थेंबभर बोटावर घेतलं, हुंगलं आणि म्हणाल्या, ‘अरे, हे तर बाळाला लावायचं तेल. औषधाच्या दुकानात मिळतं.’ तेव्हा पुण्यात ऑलिव्ह ऑइल म्हणजे केमिस्टकडची छोटी बाटली आणि न्हाणीघरात पायांवर पालथं घातलेलं बाळ. त्या पोराने आमच्या भाकरीचा तुकडा तोडला, तेलात बुडवला आणि खाल्ला. सासूबाई बघतच राहिल्या. ‘पोटात गेलेलं चालतं का रे?’

तर, मालिशचं तेल नातवालाच राहू द्या. स्वयंपाकासाठी ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलं आणा, आणि आणायचंच आहे तर बाटली जरा मोठी आणा. कारण मुसख्खनमध्ये कोंबडी पाहुणी असते, यजमान तेल. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं सगळं सरळ होतं.

तिकडे जैतुनाची काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. अख्खं घर झाडाखाली. खाली चादरी, ताडपत्र्या अंथरायच्या, शिड्या लावायच्या, पोरांनी शेंड्यावर चढायचं, म्हाताऱ्यांनी खाली बसून पाला निवडायचा. जैतुनाचं झाड आपल्या आंब्यासारखंच लहरी, एक वर्ष लगडतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. फळं घाण्यावर जातात, नवं तेल निघतं. ते घशाला चुरचुरतं, थोडं कडवटही लागतं. आणि ते कसं उतरलंय हे बघायचं कशावर? तर मुसख्खनवर. भट्टीतली गरम रोटी, तेलात मऊ केलेला ढीगभर कांदा, सुमाकचा आंबटपणा, वर कोंबडी. रोटी तेल पिते. तेल चांगलं असेल तर झाकत नाही आणि वाईट असेल तर लपत नाही.

आपल्याकडे हुरड्याला जातो तेव्हा चटणी, दही, गूळ, सगळा सरंजाम असतो, पण जीव अडकलेला असतो आगटीतून निघणाऱ्या त्या कोवळ्या दाण्यात. तसं हे. मी त्या मुलाला हुरड्याला घेऊन गेले होते, थेऊरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर. त्याने दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, आमच्याकडे गव्हाचं असं करतात. हिरवा गहू जाळावर भाजून, चोळून, वाळवून ठेवतात. त्याला म्हणतात फरीका. मुसख्खनबरोबर बऱ्याच घरी त्या फरीकाचंच सूप असतं. आपल्या ओंब्या आठवल्या ना?

आता तुमच्या पोळीकडे. घडीची पोळी नको. तेलात भिजली की तिचे पदर सुटतात आणि उचलायला गेलात की कांदा मांडीवर. तिकडची रोटी ‘ताबून’ नावाच्या मातीच्या भट्टीत होते. भट्टी घुमटासारखी, वर तोंड, आत तळाला तापलेले गोटे. रोटी थेट त्या गोट्यांवर टाकायची. म्हणून तिच्या अंगावर खळगे पडतात, आणि मुसख्खन करताना त्या खळग्यांत तेल साठतं. खळगे शोभेचे नाहीत, कामाचे आहेत. भट्टीला जळण म्हणून शेणाच्या गोवऱ्या, भुसा आणि घाण्यातून निघालेली जैतुनाची पेंड. म्हणजे झाडाचं तेल रोटीच्या वर आणि त्याच झाडाची पेंड रोटीच्या खाली.

आमच्या भाडेकरूला एकदा घरची फार आठवण आली आणि त्याने वाड्याच्या चौकात ताबून उभी करायचं ठरवलं. नदीकाठावरून पिशवीभर गोटे आणले. सासूबाईंनी ते रिठ्याच्या पाण्यात घासून दिले, नदीचं काय काय लागलेलं असेल म्हणून. कोळशाच्या शेगडीवर लोखंडी घमेलं, त्यात गोटे, वर दुसरं घमेलं पालथं आणि त्यावर निखारे. आम्ही बायका, शेजारची पोरं, सगळे गोल करून उभे. दहा मिनिटांत फट्टकन आवाज झाला आणि घमेलं उडून तुळशीवृंदावनापाशी. ओला गोटा तापून फुटला होता. कुणाला लागलं नाही हे नशीब. सासूबाई म्हणाल्या, ‘तुमच्याकडे रोज असा स्वयंपाक करतात?’

पुढच्या खेपेला गोटे चार दिवस उन्हात वाळवले, मग मंद आचेवर तासभर तापवले. त्या दिवशी जी रोटी निघाली ती मला अजून दिसते. कडा काळपट, मधे बोटाच्या पेराएवढे खळगे, एका खळग्यात चिकटलेला बारीक खडा. त्याने खडा नखाने काढला, रोटी उलटी करून नाकाशी नेली आणि काही बोलला नाही.

तुम्ही गोट्यांच्या नादी लागू नका. कोंढव्यात किंवा कॅम्पात तंदूरची ताजी खमिरी रोटी मिळते, ती आणा, त्याच दिवशीची आणि जाड बघून. घरीच करायची तर निम्मी कणीक, निम्मा मैदा, यीस्ट घालून भिजवा, हाताने थापा, बोटांनी खळगे पाडा आणि खूप तापलेल्या ओव्हनमध्ये भाजा.

सुमाक म्हणजे एका झुडपाची वाळवून भरडलेली लालबुंद फळं. आंबट, पण लिंबासारखी झोंबणारी नाहीत, आमसुलासारखी सावकाश येणारी. पुण्यात आता मोठ्या किराणा दुकानांत आणि कॅम्पातल्या मसालेवाल्यांकडे मिळतं. त्या काळी मिळत नसे, आणि मुलाने आणलेलं संपलं तेव्हा मी आमसुलं तव्यावर कोरडी करून खलबत्त्यात कुटली. रंग आला, आंबटपणा आला. तो दोन घास खाऊन म्हणाला, ‘वहिनी, फार छान झालंय. पण हे तुमचं झालं.’ आजही मी त्याचं ते वाक्य तारीफ म्हणूनच धरून बसले आहे. तुमच्या पाहुणीसाठी मात्र खरं सुमाक आणा.

कृती अशी. सव्वा किलोच्या कोंबडीचे चार मोठे तुकडे, कातडीसकट मिळाले तर उत्तम. दालचिनी, दोन वेलदोडे, तमालपत्र, मिरी आणि एक कांदा घालून पाण्यात अर्धा तास शिजवा. पाणी फेकून देऊ नका, त्याचं सूप होतं. तुकड्यांना मीठ, तेल, दोन चमचे सुमाक आणि ऑलस्पाइस चोळा. ऑलस्पाइस हे मसाल्यांचं मिश्रण वाटतं, पण ती एकाच झाडाची मिरीसारखी फळं असतात. नसेल तर मिरी, लवंग आणि चिमूटभर जायफळ. मग ओव्हनमध्ये २२० अंशांवर लाल होईपर्यंत ठेवा.

आता कांदा, आणि इथे मी पहिल्यांदा तोंडावर आपटले. कांदा दीड किलो. हो, कोंबडीपेक्षा जास्त. मी आपल्या सवयीने दोन पळ्या तेलात खरपूस, बदामी परतला. मुलाने कढईत डोकावून पाहिलं, बाटली उचलली आणि जवळजवळ वाटीभर तेल वरून ओतलं. माझ्या पोटात गोळा आला. पुण्यात वाढलेल्या बाईसमोर कुणी असं तेल ओततं का! पण तेच बरोबर आहे. दीड वाटी तेल, झाकण, मंद आच, पाऊण तास. कांद्याचा रंग बदलता कामा नये, त्याने नुसतं लोळायचं. बिर्याणीच्या कांद्याची सवय विसरा. शेवटी मीठ आणि चार चमचे सुमाक घाला, कांदा जांभळट होतो.

मग रोटी घ्यायची, कांद्याच्या तेलात दोन्ही बाजूंनी फिरवायची, वर कांदा पसरायचा, त्यावर कोंबडी. पुन्हा ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं. वर तळलेले चिलगोजे. चिलगोज्यांचा भाव ऐकून दुकानातून परत आलात तर बदाम घाला, तिकडेही घालतात. बरोबर दही.

एक गोष्ट मात्र करायला घेण्याआधी करा. ती मुलगी नेमकी कुठली ते लेकीला विचारायला सांगा. मुसख्खन हा मुळात उत्तरेकडचा पदार्थ, तूलकरम आणि जेनीन भागातला, उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या खेड्यांतला. आता सगळीकडे करतात ते खरं, पण ती गाझाची निघाली तर तिच्या आजीच्या हाताची चव वेगळी असणार. गाझाच्या स्वयंपाकात हिरवी मिरची आणि शेपूचं बी असतं, आणि सुमाकचा त्यांचा मानाचा पदार्थ म्हणजे सुमाकिया, चाकवतासारखी पालेभाजी घालून केलेलं मटण किंवा बीफ. नागपूरच्या पाहुण्याला कोल्हापुरी पांढरा रस्सा वाढून ‘घ्या, घरचं’ म्हणण्यासारखं व्हायला नको. कोंबडी हलाल लागेल का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

आणि ताटं मांडू नका. मोठी परात मधे ठेवा, सगळ्यांनी हाताने तोडून खायचं. पहिला तुकडा तिला तोडू द्या. तिकडे काय चाललंय हे तिला विचारू नका. तिला वाटलं तर ती सांगेल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. कोंबडीऐवजी पनीर घातलं तर? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पनीर नको. पनीर सुमाक पीत नाही, तेल पीत नाही, नुसतं पांढरं बसून राहतं. सरळ काहीच घालू नका. रोटी, कांदा, तेल, सुमाक आणि वर तळलेले बदाम, एवढ्यावर ताट रिकामं होतं. रोज कोंबडी कापायची ऐपत कुठल्याही शेतकऱ्याची नसते. तिथलीही नव्हती. घरात तेल होतं, कांदा होता, रोटी होती. अगदीच हात शिवशिवत असतील तर फ्लॉवरचे मोठे तुरे सुमाक लावून भाजून घाला.

प्रश्न : माहिती शोधून वाचली तर हा पिझ्झाच वाटतो. रोटीवर कांदा आणि कोंबडी, त्याला पॅलेस्टाइनचा ‘राष्ट्रीय पदार्थ’ वगैरे म्हणायचं कौतुक कशासाठी? (एक वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : तसं बघितलं तर पुरणपोळी म्हणजे गोड पराठा. म्हणून दाखवा घरात.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग टाळण्यासारखा नाही. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसं घरादाराला मुकली. कुणी जॉर्डनला, कुणी लेबनॉनला, कुणी गाझाच्या छावणीत. त्या लोकांबरोबर झाड जाऊ शकत नव्हतं. पदार्थ गेला. जॉर्डनमध्ये, अम्मानच्या घरात मुसख्खन करताना ‘आमच्या गावचं तेल’ हा विषय निघतोच, तेल कुठलंही असो. जे मागे राहिले त्यांची गोष्ट निराळी. २००२ पासून इस्रायलने वेस्ट बँकमध्ये जी भिंत उभारली, तिच्यापलीकडे ज्यांची झाडं गेली त्यांना स्वतःच्याच बागेत जायला लष्कराचा परवाना लागतो, तोही ठरावीक दिवसांचा. तूलकरम त्या भिंतीला लागूनच आहे. आपल्या हापूसची झाडं रत्नागिरीत आणि पाडाला आल्यावर तिथे जायचा पास काढायचा पुण्यात, अशी कल्पना करून बघा. मग त्या झाडाच्या तेलाने माखलेल्या रोटीला लोक काय म्हणतात त्यावर वाद घालायला मला तरी तोंड उरत नाही.

आणि थोडं मिरवणंही आहेच. २०१० मध्ये वेस्ट बँकमधल्या रामल्लात ४० स्वयंपाक्यांनी मिळून ४ मीटर व्यासाचं मुसख्खन केलं, वजन १३५० किलो. गिनीज बुकात नोंद झाली. त्यात ५०० किलो कांदा आणि १७० किलो तेल. प्रमाण बघा, कांद्याच्या एक तृतीयांश तेल. मला दीड वाटी जड जात होती.

प्रश्न : ताई, सुमाक आणलं ते खारट लागतंय. भेसळ असेल का? फेकून देऊ? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : फेकू नका. बऱ्याच कंपन्यांच्या सुमाकात मीठ असतंच, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कांद्यात मीठ घालायच्या आधी सुमाक घालून चव बघा, बस. खरी शंका रंगावरून घ्यावी. चिमूटभर सुमाक गार पाण्यात टाकलं आणि लगेच गुलालासारखा भडक रंग सुटला तर दुकान बदला. चांगलं सुमाक मळकट विटेच्या रंगाचं आणि हाताला किंचित ओलसर लागतं. डबा फ्रीजमध्ये ठेवा, आपल्या पावसाळ्यात बाहेर गुठळ्या होतात.

प्रश्न : मागच्या अंकात वाचून माहिती शोधली आणि केलं. खूप उरलं. दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात देता येईल का? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : हे तर फारच योग्य झालं. ‘मुसख्खन’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘गरम केलेलं’. असं सांगतात की शेतकरी गार झालेली, कडक पडलेली ताबूनची रोटी तेल लावून पुन्हा भट्टीत सारायचे आणि त्यातून पुढे हा थाट उभा राहिला. आपली शिळ्या भाकरीची फोडणी जरा श्रीमंत घरात दिली असती तर काय झालं असतं, तेच.

कोंबडीची हाडं काढून मांस हाताने मोकळं करा, उरलेल्या कांद्यात मिसळा. डब्यासाठी पातळ पोळी घ्या, इथे तुमची घडीची नको, फुलका चालेल. त्यात भरून घट्ट गुंडाळी करा, बाहेरून तेलाचं बोट फिरवा आणि तव्यावर चारी बाजूंनी शेका. तिकडेही पाहुण्यांसाठी अशा बोटभर गुंडाळ्या करतात, लग्नाकार्यात तर थाळेच्या थाळे. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, रोटी चामड्यासारखी चिवट होते. आणि डब्यात खाली कागद घाला, नाहीतर तेल दप्तरातल्या वहीपर्यंत पोचेल. आमच्या भाडेकरूची अकाउंटन्सीची एक वही अशीच गेली होती, पानं आरपार दिसायला लागली होती.